बंबाआधी पोचणारी फटफटी

आगीशी लढणाऱ्या गाडीला मराठीत आपण ‘बंब’ म्हणतो. पोर्तुगीज भाषेत ‘बोंबा’ म्हणजे पंप. हा शब्द आपल्याकडे आला आणि न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबापासून घंटा वाजवत धावणाऱ्या लाल गाडीपर्यंत, पाण्याशी नाते असलेल्या वस्तूंना चिकटून राहिला. नाव अगदी यथार्थ आहे. अग्निशमनाचा गेल्या दोन-तीनशे वर्षांचा विचार हा मुख्यतः पाण्याचा विचार आहे: पाणी किती न्यायचे, किती लांब फेकायचे, किती उंच चढवायचे. आधी हातपंप आला, मग वाफेचा पंप, मग मोटारीवर बसवलेला पंप, मग साडेचार हजार लिटरची टाकी वाहणारा बंब आणि शेवटी उंच इमारतींसाठी शिड्यांच्या अजस्र गाड्या. प्रत्येक टप्प्यावर गाडी मोठी झाली, जड झाली, तिला लागणारा रस्ता रुंद झाला.

या मोठ्या गोष्टीच्या कडेने एक लहानशी गोष्ट शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. ती आहे मोटारसायकलीची. एखाद-दुसरी बादली पाणी नेणारी, कधी तेवढेही न नेणारी ही फटफटी जगभरच्या आपत्कालीन सेवांमध्ये पुन्हा पुन्हा आली आणि पुन्हा पुन्हा बाजूला सारली गेली. युद्धात आली, शांततेत विसरली गेली; भूकंपानंतर आठवली, रस्ते मोकळे असताना अनावश्यक ठरली. या ये-जा करण्याचा इतिहास पाहिला, की संकटाच्या पहिल्या काही मिनिटांबद्दल आपण काय समजतो आणि काय विसरतो, हे ध्यानात येते.

पाणी नव्हे, निरोप

मोटारसायकलीचे पहिले आपत्कालीन काम निरोप नेण्याचे होते. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश सैन्यात संदेशवाहक म्हणून अनेक तरुण स्वतःच्या मोटारसायकली घेऊन दाखल झाले. पुढे ट्रायम्फ आणि डग्लस या कंपन्यांनी सैन्याला हजारो गाड्या पुरवल्या. तोफांच्या माऱ्यात टेलिफोनच्या तारा तुटत. तुटलेल्या तारेच्या जागी हा चिखलाने माखलेला स्वार धावे. त्याच युद्धात साइडकारवर स्ट्रेचर बसवून जखमींना मागे आणण्याचेही प्रयोग झाले. म्हणजे दुचाकीवरची रुग्णवाहिका ही कल्पना आपण समजतो तितकी नवी नाही.

अग्निशमनात या संदेशवाहकाचे मोल सर्वांत ठळकपणे दिसले ते दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनमध्ये. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. नियमित अग्निशमन दलाच्या जोडीला उभारलेल्या सहायक दलात कारकून, दुकानदार, शिक्षक, टॅक्सीचालक अशी नाना तऱ्हेची माणसे होती. बॉम्ब पडला की आग लागे. पण त्याच बॉम्बने जमिनीखालची पाण्याची नळवाहिनी फुटे आणि टेलिफोनची तारही तुटे. अशा वेळी शंभर बंब सज्ज असूनही उपयोग नसतो, कारण कोणत्या बंबाने कोणत्या रस्त्याने जायचे हेच कळत नाही. कुठल्या रस्त्यावर ढिगारा आहे, कुठला नळ कोरडा पडला आहे, कुठल्या गोदीवर आणखी पंप हवे आहेत, ही माहिती पोचवण्याचे काम मोटारसायकलस्वारांवर आले. त्यांत स्त्रियाही होत्या. दिवे बंद असलेल्या शहरात, खड्ड्यांतून आणि फुटलेल्या काचांवरून गाडी काढत त्या एका ठाण्याची खबर दुसऱ्या ठाण्याला देत.

ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटनमधली शेकडो स्थानिक दले एकत्र करून राष्ट्रीय अग्निशमन सेवा उभी राहिली. युद्धानंतर, अणुहल्ल्याच्या भीतीपोटी, सहायक दल १९४९ मध्ये पुन्हा सुरू झाले. ‘ग्रीन गॉडेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या हिरव्या बंबांचे ताफे निघत, तेव्हा पुढे-मागे मोटारसायकलस्वार असत. चौकात थांबून ते पुढच्या गाडीला वाट दाखवत. १९६८ मध्ये सरकारने हे दल मोडले. बंब कोठारांत जपून ठेवले गेले आणि पुढे कित्येक वर्षांनी, अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या संपांच्या काळात, बाहेरही काढले गेले. वाट दाखवणारे स्वार मात्र त्या दलाबरोबरच संपले. यंत्र जपता येते, पण रस्त्यांची माहिती असलेला माणूस कोठारात ठेवता येत नाही.

तोक्योच्या लाल गाड्या

मोटारसायकलीचा अग्निशमनासाठी सर्वांत विचारपूर्वक वापर जपानने केला, आणि तोही एकदा सोडून दिल्यावर.

जपानी शहरांचे आगीशी फार जुने वैर आहे. लाकडी घरे, अरुंद गल्ल्या, दाट वस्ती आणि वरून भूकंप. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे असताना कांतो भूकंप झाला. घरोघरी चुलीवर स्वयंपाक चालू होता. त्या आपत्तीत लाखाच्या आसपास माणसे मेली, आणि त्यांतली बहुतेक भूकंपापेक्षा त्यानंतरच्या आगीत. हा इतिहास पाठीशी असलेल्या तोक्योच्या अग्निशमन दलाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस लाल रंगाच्या मोटारसायकलींची पथके उभारली. लोक त्यांना ‘आकाबाई’, म्हणजे लाल बाइक, म्हणत. १९७०च्या दशकातच ती बंद झाली.

त्यानंतर वीसेक वर्षांनी, १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहर हादरले. या भूकंपात ६,४३४ माणसे गेली. बहुतेकांचा मृत्यू कोसळलेल्या घरांखाली चिरडून किंवा गुदमरून झाला. पण त्याच सकाळी शहरात ठिकठिकाणी आगी लागल्या आणि नागाता या जुन्या, दाटीवाटीच्या भागात वस्त्यांमागून वस्त्या जळाल्या. अग्निशमन दलाच्या गाड्या निघाल्या, तर समोर पडलेली घरे आणि वाहनांची कोंडी. कसेबसे पोचलेल्या जवानांनी रस्त्यावरच्या नळांना होज जोडले, तर नळ कोरडे. जमिनीखालच्या वाहिन्या फुटल्या होत्या. अखेर बंदरातून समुद्राचे पाणी एका पंपाकडून दुसऱ्या पंपाकडे असे ओढत आणावे लागले, आणि रस्त्यावर पसरलेल्या त्या होजवरून मोटारी गेल्याने ते फुटत राहिले.

त्या दिवसांत कोबेत जे वाहन खरोखर चालू शकले, ते दुचाकी. सायकलींवरून आणि मोटारसायकलींवरून लोकांनी औषधे, निरोप, खाणे पोचवले. कुठे किती नुकसान आहे हे पाहून सांगणेही त्यांनाच जमले. तोक्योच्या अग्निशमन दलाने हा धडा घेतला आणि १९९७ मध्ये मोटारसायकल पथके पुन्हा उभी केली. त्यांचे नाव ‘क्विक अटॅकर’.

या पथकाची रचना पाहण्यासारखी आहे. गाड्या जोडीने निघतात, एकटा स्वार नसतो. एका गाडीवर पाण्याचा झोत दाबाने मारणारे, पाठीवर घेता येण्याजोगे उपकरण असते. दुसऱ्या गाडीवर साधी अग्निशामके आणि अडकलेल्याला सोडवण्याची लहान हत्यारे असतात. गाड्या रस्त्याबाहेरही चालतील अशा, हलक्या. काम ठरलेले: आधी पोचायचे, काय घडले आहे ते पाहायचे, मागून येणाऱ्यांना कळवायचे, आणि आग लहान असेल तर तिथेच आवरायची. महामार्गावरचे अपघात, कोंडीत अडकलेले रस्ते आणि भूकंपानंतरची पाहणी ही त्यांची खास कामे. बंबाची जागा घ्यायला त्यांना कुणी सांगितलेले नाही. मागून बंब येणारच आहे हे गृहीत धरूनच हे पथक उभे आहे.

दोन बादल्यांचे गणित

‘एवढ्याशा पाण्याने काय होणार?’ हा प्रश्न मोटारसायकलीला नेहमी विचारला गेला. त्याचे उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे.

एक लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सहापटीहून अधिक उष्णता ते उकळते पाणी वाफेत बदलायला लागते. म्हणजे पाणी आगीची उष्णता खऱ्या अर्थाने शोषते ते वाफ होताना. होजमधून मोठ्या धारेने मारलेले पुष्कळसे पाणी वाफ न होताच जमिनीवरून वाहून जाते. जुन्या इमारतींत तर खालच्या मजल्यावरच्या माणसाचे आगीपेक्षा पाण्यानेच अधिक नुकसान होते. तेच पाणी बारीक तुषारांत फोडले, तर चित्र बदलते. थेंबाचा व्यास दहाव्या हिश्श्याने केला, की तेवढ्याच पाण्याचा एकूण पृष्ठभाग दसपट होतो. तुषार झटकन वाफ होतात, उष्णता ओढून घेतात. शिवाय पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १,७०० पट वाढते आणि ती वाफ ज्योतीजवळची हवा बाजूला सारते.

मोटारसायकलीवरची आधुनिक उपकरणे याच तत्त्वावर चालतात. दाबाखालच्या हवेने पाण्याचे धुके करून मारले, तर दहा-वीस लिटरमध्ये पेटलेली मोटार, मीटरची पेटी, दुकानातला कोपरा, एखादी खोली आवरता येते.

पण अट एकच, आणि ती फार कडक आहे: वेळ. बंद खोलीत आग वाढते तेव्हा छताखाली तापलेले वायू साचत जातात, आणि एका क्षणी खोलीतल्या सगळ्या वस्तू एकदम पेट घेतात. फोम, रेक्झिन, प्लॅस्टिकने भरलेल्या आजच्या घरांत हा क्षण काही मिनिटांतच येतो. त्याआधी दोन बादल्या पुरतात; त्यानंतर टँकरमागून टँकर लागतात. मोटारसायकलीचे सगळे मोल या एका क्षणाच्या अलीकडे आहे. क्षण उलटून गेल्यावर ती दारात उभी राहिली, तर ती बघ्यांच्या गर्दीतली आणखी एक गाडी असते.

कुणाला न्यायचे?

आगीत जे मिनिटांचे गणित, तेच हृदय बंद पडलेल्या माणसाचे. छातीवर दाब देणे सुरू झाले नाही आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर त्याच्या जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. शहरातल्या कोंडीत रुग्णवाहिका दहा मिनिटे अडकली, तर पुढे सांगण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून १९९०च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने उपचार जाणणाऱ्या कर्मचाऱ्यांना मोटारसायकलींवर बसवले. इस्राएलमध्ये २००६ साली स्थापन झालेल्या ‘युनायटेड हत्झाला’ या स्वयंसेवी संस्थेने आणखी पुढचे पाऊल टाकले: आपापल्या कामधंद्यात असलेले प्रशिक्षित स्वयंसेवक, दाराशी उभी ‘अँब्युसायकल’, आणि घटनेच्या सर्वांत जवळ असेल त्याला निरोप. इथे गाडीच्या वेगापेक्षा ती आधीच जवळ उभी असणे महत्त्वाचे ठरते.

भारतात कर्नाटकाने २०१५ मध्ये दुचाकी रुग्णवाहिका आणल्या. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या सेवेत ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत दहा दुचाकींनी सुरुवात झाली. त्यांच्यावर प्राणवायूचे छोटे सिलिंडर, औषधे आणि प्रथमोपचाराचे साहित्य. या दुचाकीवर रुग्ण बसत नाही. ती उपचार करणाऱ्याला रुग्णापर्यंत नेते आणि मोठी रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सांभाळते.

याच्या अगदी उलट कल्पना जंगलात आणि खेड्यांत वाढली. तिथे अडचण कोंडीची नाही, रस्त्याचीच आहे. गडचिरोलीच्या दुर्गम भागात आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला खाटेची कावड करून मैलोन् मैल नेण्याचे प्रसंग आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. अशा ठिकाणी दुचाकीने रुग्णालाच न्यावे लागते. पश्चिम बंगालमधल्या जलपायगुडी जिल्ह्यातले चहामळ्यातले कामगार करीमुल हक यांची आई रुग्णवाहिकेअभावी गेली. पुढे एक सहकारी कामावर कोसळला, तेव्हा त्याला पाठीशी बांधून त्यांनी मोटारसायकलीवरून रुग्णालयात पोचवले, आणि मग तेच त्यांचे व्रत झाले. ‘बाइक अँब्युलन्स दादा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाला २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. जानेवारी २०२१ मध्ये संरक्षण संशोधन संस्थेच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेने केंद्रीय राखीव पोलीस दलासाठी ‘रक्षिता’ ही दुचाकी रुग्णवाहिका तयार केली, ती नक्षलग्रस्त जंगलांतल्या जखमी जवानांसाठी. तिचा सांगाडा रॉयल एन्फील्डच्या ३५० सीसी गाडीचा. १९५५ पासून मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला बनू लागलेल्या, मूळच्या इंग्लंडातल्या ‘बुलेट’च्याच घराण्यातली ही गाडी. अनेक राज्यांच्या अग्निशमन दलांनीही पाण्याचे धुके मारणारी उपकरणे चढवली ती याच बुलेटवर. लष्कराच्या गरजेतून भारतात रुजलेली फटफटी अशी फिरून मदतकार्यात आली.

अशा गाड्यांचा उपयोग मोजताही आला आहे. आफ्रिकेतल्या मलावी देशात, मांगोची जिल्ह्यातल्या दूरच्या आरोग्य केंद्रांवर २००१-०२ मध्ये साइडकारच्या तीन रुग्णवाहिका ठेवल्या होत्या. अडलेल्या बाळंतिणीला रुग्णालयात पोचवायला होणारा विलंब त्यांनी दोन ते साडेचार तासांनी कमी केला. मोटारीच्या रुग्णवाहिकेच्या तुलनेत त्यांची किंमत एकोणिसावा हिस्सा होती. बाळंतपणातल्या रक्तस्रावात दोन तास म्हणजे काय, हे कुठल्याही सुईणीला विचारावे.

आपल्या गल्ल्या

आता मुंबईकडे येऊ. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापूस आणि स्फोटके एकत्र होती. आग लागली, दुपारी चारनंतर जहाज फुटले. त्यात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर सत्तर वर्षांनी, ९ मे २०१५ रोजी, काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. इमारत कोसळली, आणि मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. या दोन्ही दुर्घटनांत मोटारसायकलीने काही बदलले असते, असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. गोदीतली आग आणि कोसळणारी इमारत ही मोठ्या गाड्यांची आणि त्याहून मोठ्या नियोजनाची कामे आहेत.

तरी काळबादेवीचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. हातगाड्या, दुतर्फा उभ्या दुचाकी, दुकानांचे पुढे आलेले ओटे, डोक्यावर तारांचे जाळे. अशीच दाटी पुण्याच्या पेठांत आहे, भिवंडीत आहे, धारावीत आहे. दहा-बारा टनांचा बंब कोपऱ्यावर थांबतो आणि जवान होज खांद्यावर घेऊन आत धावतात. त्या धावण्यात जी मिनिटे जातात, ती वर सांगितलेल्या त्या एका क्षणाच्या अलीकडची असतात. आपल्या आगींपैकी पुष्कळ आगी सुरुवातीला शॉर्टसर्किट, गॅसची गळती, देव्हाऱ्यातला दिवा इतक्याच असतात. दोन बादल्यांचे गणित लागू पडते ते नेमके इथे.

पण इतिहास सांगतो, की नुसत्या गाड्या घेऊन हे होत नाही. लंडनच्या स्वाराला शहर पाठ होते. तोक्योचे स्वार जोडीने निघतात आणि मागून येणाऱ्या बंबाशी त्यांचा सतत संपर्क असतो. मलावीतल्या गाड्या जिल्ह्याच्या मुख्यालयात न ठेवता दूरच्या केंद्रांवर ठेवल्या होत्या. तिन्ही ठिकाणी गाडीपेक्षा रचना मोलाची होती. एकट्या जवानाला धुराने भरलेल्या खोलीत पाठवणे म्हणजे त्याचा बळी देणे. म्हणून जोडी हवी. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर पाण्याच्या टाक्यांनी जड झालेली दुचाकी वेगाने चालवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. म्हणून सराव हवा. आणि गाडी बंबाशेजारी मुख्य ठाण्यात उभी राहिली, तर तीही त्याच कोंडीतून निघणार. म्हणून तिची जागा गल्लीच्या तोंडाशी, बाजारातल्या चौकीजवळ हवी.

दुसरा धोका हिशेबाचा आहे. मोटारसायकल स्वस्त असते, आणि स्वस्त वस्तू महागाच्या जागी बसवण्याचा मोह प्रशासनाला नेहमीच होतो. ‘दुचाकी रुग्णवाहिका दिली आहे ना’ असे म्हणून दुर्गम तालुक्यातला रस्ता आणखी दहा वर्षे रखडला, तर त्या गाडीने भले केले की बुरे, हा प्रश्न उरतो. बाळंतिणीला जंगलातून दुचाकीवर न्यावे लागणे ही कर्तबगारीची गोष्ट आहे तशीच लाजेचीही आहे. शहरातही तेच. गल्लीत फटफटी जाते म्हणून गल्ली अडवणारे बांधकाम तसेच राहू देणे, हा तिच्या यशाचा सर्वांत वाईट उपयोग ठरेल.

पहिल्या मिनिटाचे काम वेगळे आहे आणि दहाव्या मिनिटाचे वेगळे. मोठी आग विझवण्याची कर्तबगारी दिसते, तिची छायाचित्रे छापून येतात. जी आग मोठी झालीच नाही, तिची बातमी होत नाही. फटफटी पुन्हा पुन्हा विसरली जाते, याचे एक कारण बहुधा हेच असावे: तिचे यश कुणाला दिसत नाही. न लागलेली आग आणि न थांबलेले हृदय यांची नोंद ठेवायला कुठल्याच दप्तरात रकाना नसतो. तो रकाना आखला, कोणती आग कितव्या मिनिटाला गाठली आणि किती पाण्यात विझली हे ठाण्याठाण्यावर लिहिले जाऊ लागले, तर पुढच्या वेळी या गाड्यांची आठवण व्हायला भूकंपाची वाट पाहावी लागणार नाही.